कडू होण्याआधी

माझ्याकडे पुस्तकं येतात ती पुस्तकं होण्याआधी:
चौदा पानी अर्ज, मागे टाचलेलं अंदाजपत्रक,
आणि मधे एक रकाना – वाचक कोण?
गेंटच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर,
कॉफीच्या यंत्राला खेटून माझं टेबल.
मी लिहीत नाही, छापत नाही.
रकमा जुळवते.

बहुतेक जण त्या रकान्यात लिहितात
संशोधक, विद्यार्थी, धोरणकर्ते, जिज्ञासू.
डॉक्टर एन्योनाम यांनी लिहिलं होतं:
आक्पेने. तिच्या दोन्ही जावा.
खाजणात मीठ खरवडून ज्यांच्या टाचा फाटल्या त्या सगळ्या.
आक्पेनेची मुलगी देलाली,
कारण फोन तिच्याकडे आहे.

त्यांचं पहिलं पुस्तक आहे आमच्याकडे.
कापडी बांधणी, एकशे अडतीस युरो.
छापल्या दोनशे प्रती.
नऊ वर्षांत आमची प्रत चारदा बाहेर गेली,
त्यातली एकदा माझ्याच नावावर.
केटाच्या खाजणाकाठी एकही नाही.
ज्यांनी सांगितलं
त्यांना ते कधी परत ऐकवलंच नाही कुणी.

फेब्रुवारीत समिती बसली.
खुर्च्यांवर ओले कोट, टेबलाखाली सायकलींची हेल्मेटं.
प्राध्यापक हॉफ्लाक म्हणाले, फुकटचं वाचतं कोण?
बोलणं माझं काम नाही. तरी बोलले:
फुकट नाहीये, सर.
संपादन, मांडणी, दोन नकाशे, सूची,
दोन जाणत्यांकडून तपासणी –
नऊ हजार चारशे.
बिल आहेच. फक्त ते
वाचणाऱ्याच्या ताटाशी आणून ठेवायचं नाही, एवढंच.

आमच्याकडे सहा हजार होते.
बर्गेनने दोन दिले. तार्तूने तेराशे.
एका छोट्या कॉलेजने पंच्याहत्तर पाठवले,
आणि सोबत दिलगिरीचं पत्र,
ते मी फाइलला लावलंय, पैशांच्या वर.
उरलेले पंचवीस कुठून आले
ते विचारू नका.

पुस्तक खुलं झालं एका मंगळवारी.
कुलूप नाही, वर्गणी नाही, पासवर्ड नाही.
खाजणावर नेटवर्कची एकच काडी,
फाइल उतरायला चाळीस मिनिटं लागली म्हणे.
देलालीने इंग्रजीतून एवेत करत करत
मोठ्याने वाचलं, संध्याकाळी, टोपल्या पालथ्या घालून
बसलेल्या बायकांना.

पान दोनशे बारावर आक्पेनेने तिला थांबवलं.
तिथे लिहिलं होतं:
पाणी पूर्ण आटल्यावर मीठ गोळा करतात.
पूर्ण आटल्यावर? आक्पेने हसली म्हणे,
मग हसायची थांबली.
तळाशी थोडं पाणी असतानाच काढायचं, बाई.
शेवटचं पाणी आटू दिलंस तर कडू होतं.

मी खाली जाऊन जुनी प्रत काढली.
पान अठ्ठ्याऐंशी. तेच वाक्य.
नऊ वर्षं, धूळ झटकलेल्या कपाटात,
चूक सुखरूप होती.

डॉक्टर एन्योनाम यांचं पत्र दोनच ओळींचं:
मी त्या बायकांचं मीठ खाल्लंय.
दुरुस्तीला किती लागतील?

नियम सात: प्रकाशनानंतरचा खर्च ग्राह्य नाही.
नियम माझ्याच अक्षरात आहे,
मीच टंकला होता, त्या वेळी शहाणपणाचा वाटला होता.
दोन दिवस त्याच्याकडे बघत बसले.
मग मुखपृष्ठाच्या खात्यात वाचलेले एकशे ऐंशी
उचलून दुसरीकडे टाकले,
आणि हॉफ्लाक सरांना सांगितलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
म्हणाले, माझंही एक पुस्तक आहे, कापडी,
त्याबद्दल मला अजून कुणीच काही कळवलेलं नाही.

आता पान दोनशे बाराखाली तळटीप आहे,
तिच्यात आक्पेनेचं पूर्ण नाव आणि तारीख.
आणि पुढच्या वर्षीच्या अर्जात
मी पेन्सिलने एक ओळ वाढवलीय: दुरुस्ती.
पुढची रक्कम कोरी ठेवलीय.

काल देलालीचा निरोप आला, थेट मला.
पान साठ, नकाशा.
बोट लावायची जागा
आई म्हणते, तिथे नाही.